टकटक आणि खट

सकाळी ६:१५

थंडीच्या दिवसांत शटर उघडायच्या आधीच फोनवर काम सुरू होतं. आजचा पहिला फोन निफाडच्या बाजूच्या एका द्राक्ष बागायतदाराचा. पारा पाचाच्या खाली गेलेला. मणी तडकू नयेत म्हणून मध्यरात्रीनंतर बागेत शेकोट्या पेटवलेल्या. आणि आता मजूर आणायला निघावं, तर डिझेल पिकअप जागची हलत नाही.

"भाऊ, सेल्फ मारतोय पण उचलत नाही. नुसता आवाज करते."

"कसला आवाज?"

"आता आवाज म्हणजे... आवाज."

गिऱ्हाइकाला आवाजाचं वर्णन विचारण्यात अर्थ नसतो, आवाजच ऐकावा. फोन बॉनेटपाशी धरायला लावला आणि त्यांच्या मुलाला चावी फिरवायला सांगितली. टकटकटकटकटक. चावी धरून ठेवली तोवर एकसारखं, घाईघाईनं.

"आता हेडलाइट लावा आणि परत सेल्फ मारा. दिव्यांकडे बघा."

"पार विझत आले, भाऊ."

म्हणजे बॅटरी बसलीय, नाहीतर बॅटरीच्या डोक्यावरच कुठंतरी सैल आहे. टर्मिनल हातानं हलवून बघायला सांगितलं, घट्ट निघालं. मग शेजारी काय उभं आहे? ट्रॅक्टर आहे आणि मालट्रक आहे. ट्रकच्या बॅटरीला हात लावू नका म्हटलं, तिथं दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात आणि पिकअपची वायरिंग बाराची. ट्रॅक्टर चालेल. लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग ट्रॅक्टरच्या प्लसला. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब उडालेली बरी.

थोड्या वेळानं फोन आला, मागे इंजिनचा धडधडाट. दिवसभर उतारावर लावा आणि संध्याकाळी नाशकात आलात की दुकानावर या, एवढं सांगून चहा ठेवला.

सकाळी ८:३०

शटर उघडलं. दुकान म्हणजे दहा बाय वीसचा गाळा आणि समोर दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा. पोरगा माझ्या आधी येऊन बसलेला असतो. आयटीआय करून आलाय, त्यामुळे मला ‘सर’ म्हणतो. बाकी जग ‘भाऊ’ नाहीतर ‘मिस्त्री’ म्हणतं.

रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचं पाणी हायड्रोमीटरनं बघणं हे त्याचं पहिलं काम. प्रत्येक बॅटरीत सहा घरं असतात, भरल्या घराचा व्होल्ट दोनच्या थोडा वर. सहाही घरं धडधाकट असली की एकूण साडेबारा-पावणेतेरा. बारा दिसले की लोक खूश होतात, ‘बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्ट आहेत’ म्हणून. खरं तर उभ्या गाडीच्या बॅटरीवर बारा म्हणजे ती जवळपास रिकामी.

सकाळी ९:१५

गल्लीतल्याच एका शिक्षिकाबाईंची छोटी पेट्रोल गाडी ढकलत आणली. इथंही तोच आवाज, टकटकटकटक. शाळा गाठायची असल्यानं बाईंचा निर्णय झालेला: "नवी बॅटरीच टाकून द्या हो भाऊ, कटकट नको."

नवी बॅटरी टाकून देणं मला सोपं आहे. पाच मिनिटांचं काम, आणि विक्रीवर कमिशन. या धंद्यातली मेख इथंच आहे. बरोबर निदान झालं तर बहुतेक वेळा हातात शे-दीडशे रुपये पडतात आणि चुकीच्या निदानात हजार सुटतात. पोराला आयटीआयमध्ये हे कुणी शिकवलेलं नाही.

त्याला म्हटलं, आधी मीटर लाव. बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर १२.५. बाईंना चावी फिरवायला सांगितली, टकटक सुरू झाली आणि खुंटांवरचे व्होल्ट १२.२ च्या खाली गेलेच नाहीत. पोरगा गोंधळला. बॅटरी बसलेली असती तर आकडा सात-आठवर आपटायला हवा होता. इंजिन फिरताना साडेनऊच्या आसपास राहिला तरी आम्ही बॅटरीला पास करतो.

"आता मीटरचं एक टोक शिशाच्या खुंटावर ठेव आणि दुसरं त्याच खुंटावर बसवलेल्या टर्मिनलवर. तुला किती दिसायला पाहिजे?"

"शून्य, सर. एकच जागा आहे ना ती."

चावी फिरवली. मीटर तीन ते पाचच्या मध्ये उड्या मारायला लागला. दिसायला घट्ट असलेल्या जोडाच्या आत पांढऱ्या-हिरव्या क्षाराचा थर बसला होता आणि बॅटरीचा अर्धा जोर तिथंच खर्च होत होता. टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाच्या तोंडाशी शेवाळ, असा प्रकार. टेललॅम्पला लागणारं चिमूटभर पाणी त्यातून येतं, बादली मात्र भरत नाही.

आधी मायनस सोडवलं, मग प्लस. कढत पाणी आणि खायचा सोडा टाकला की क्षार फसफसून सुटतो. मग पॉलिश पेपर, कोरडं फडकं, घट्ट बोल्ट, वरून पेट्रोलियम जेली. सेल्फ पहिल्या झटक्यात. इंजिन फिरताना १०.४, चालू झाल्यावर चार्जिंग १४.२. बाईंनी पैसे विचारले, मी दीडशे म्हटलं. "एवढेच?" म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा संशय जास्त होता.

त्या गेल्यावर पोरानं विचारलं, पण टकटकच का? सरळ बंद का पडत नाही?

चावी फिरवली की करंट आधी सोलेनॉइडकडे जातो. त्याच्या पोटातला लोखंडी दट्ट्या आत ओढला जातो आणि एकदम दोन कामं करतो. बेंडिक्सचा छोटा गिअर फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडून मोटरला थेट बॅटरीवर घालतो. मोटर शंभर-दीडशे अँपिअर मागते, डिझेलची त्याहून जास्त. बॅटरीत दम नसला, किंवा वाटेत अडथळा असला, की एवढी मागणी येताच व्होल्ट कोसळतात. दट्ट्याला धरून ठेवणारी कॉइल सैल पडते, स्प्रिंग त्याला मागं फेकते. मोटर सुटली, मागणी संपली, व्होल्ट परत वर. दट्ट्या परत आत. टक. सेकंदाला कित्येकदा.

म्हणून टकटक ऐकू आली तर सोलेनॉइड, रिले, चावीचा स्विच हे सगळं काम करतंय असं धरायचं. आवाजच आला नाही तर शोध त्या बाजूला. आणि एकच जड ‘खट’ येऊन सगळं शांत झालं, तर प्रकरण वेगळं.

सकाळी ११:००

ते वेगळं प्रकरण टोइंगच्या गाडीवरून उतरलं. पेट्रोल सेडान, सात-आठ वर्षांची. मालक सातपूरच्या कारखान्यात अधिकारी, हातात बिलांची फाइल. दिवाळीच्या आधी बॅटरी नवी. गेल्या महिन्यात सेल्फ काढून पूर्ण दुरुस्त: कार्बन, बुश, सोलेनॉइड, सगळं. तरी आठवड्यातून एखाद्या सकाळी ‘खट’ म्हणते आणि बसते.

फाइल मी नीट वाचली. कुठला पार्ट बदलला याला मी फार किंमत देत नाही, तो बदलून फरक पडला नाही याला देतो. बॅटरी नवी आणि सेल्फ नवा असून दुखणं तेच, म्हणजे ते या दोघांच्या मध्ये आहे.

चावी फिरवली. खट. हेडलाइट लावून परत फिरवली. खट, आणि दिवे जरासे मंद होऊन तसेच झगझगीत. सकाळच्या पिकअपच्या अगदी उलट. बॅटरीत जीव आहे, दिव्यांपर्यंत तो नीट पोचतोय, सेल्फपर्यंत नाही.

"जम्प स्टार्ट केलं की लागते का?"

साहेब हसले. "त्याचीच आमच्याकडे गंमत झालीय. सोसायटीत एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी वायर लावली की हमखास लागते. वॉचमननं त्याच वायरी, तीच शेजारची गाडी घेऊन लावलं, की नाही लागत. बायको म्हणते काकांच्या हाताला गुण आहे."

"काका काळा चिमटा कुठं लावतात?"

"इंजिनला कुठंतरी. एका नटाला."

"आणि वॉचमन?"

"तो सरळ बॅटरीला लावतो."

इथं गाडीला हात न लावताही सांगता आलं असतं. पण गिऱ्हाइकाच्या गोष्टीवर बिल करायचं नसतं, म्हणून मीटर घेतला. पोरगा चावीवर, मी बॉनेटखाली. खट होऊन दट्ट्या आतच राहतो, त्यामुळे आकडे निवांत वाचता येतात, फक्त तीन-चार सेकंदांच्या वर धरायचं नाही, तापतं.

बॅटरीच्या खुंटांवर ११.८. प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत ०.२, म्हणजे लाल वायर चोख. सेल्फच्या बोल्टापासून त्याच्याच अंगापर्यंत ६.५, म्हणजे बिचाऱ्याला निम्मं-शिम्मं जेवण मिळतंय. आणि इंजिनच्या लोखंडापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ५.१. तिथं पाव व्होल्टाच्या वर दिसायला नको. पोरानं वहीत बेरीज केली: ०.२ अधिक ६.५ अधिक ५.१, ११.८. हिशेब तंतोतंत जुळला.

बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीत यावा लागतो. प्लसची लाल वायर सगळ्यांना दिसते, परतीचा रस्ता कुणी बघत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक अर्थिंगची पट्टी दिलेली असते. सेल्फचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परततो. दिव्यांचं अर्थिंग थेट बॉडीला असतं, म्हणून ते झगझगीत. काकांनी काळा चिमटा इंजिनला लावला की पट्टी वगळून शेजारच्या गाडीकडे थेट रस्ता तयार व्हायचा. वॉचमनच्या जोडणीत करंटला परत त्याच खराब पट्टीतून जावं लागायचं. काका पुस्तकाप्रमाणे वागत होते, एवढाच त्यांच्या हाताचा गुण.

खात्री म्हणून एकच जम्पर वायर घेतली, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. चावी फिरवली आणि गाडी सुरू. साहेबांनी फाइल बंद केली.

बॅटरीचा ट्रे काढला. पट्टी गिअरबॉक्सला जिथं बसते तो बोल्ट अर्धाच आवळलेला, खालचा वॉशर गायब, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, निम्म्या तुटलेल्या.

"गिअरबॉक्स कधी उतरवला होता?"

"पावसाळ्यात. क्लच प्लेट टाकली."

त्यावर मी काही बोललो नाही. दुसऱ्या गॅरेजला नावं ठेवून आपलं काम मोठं होत नाही, आणि पावसात गाडीखाली आडवं पडून शेवटचा बोल्ट आवळणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. पोरानं जाड केबल कापून दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून बसवले, मी बॉडीवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. रंगावर आवळलेलं अर्थिंग हे अर्थिंग नसतं. परत मीटर: सेल्फ फिरताना इंजिन ते मायनस ०.१.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या आधी मी मुद्दाम बघून ठेवली होती. जम्पर वायर काढून, इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर लावलेले. अल्टरनेटरवर १४.३ आणि बॅटरीवर १३.२. अल्टरनेटरही इंजिनलाच बसवलेला, त्याचाही करंट याच पट्टीतून फिरतो. म्हणजे महिनोन्‌महिने बॅटरी अर्धपोटीच होती. दिवाळीआधी दुकानदारानं यंत्र लावून ‘बॅटरी खराब’ म्हटलं, ते खोटं नव्हतं. फक्त त्या यंत्राला कारण विचारता येत नाही. ही नवी बॅटरीही त्याच वाटेनं निघाली होती. तिला चार्जिंगला लावली आणि गाडी संध्याकाळी न्या म्हणून सांगितलं.

दुपारी १:४५

डबा खाल्ला. टेबलावर एका जुन्या जीपचा सेल्फ उघडून पडलाय, त्याचाही आजार ‘खट’च होता, पण इथं वायर निर्दोष आणि मोटरच गेलेली. कार्बन झिजून झिजून आर्मेचरला टेकेनासे झाले. असा सेल्फ हातोडीनं हलकेच ठोकला की कार्बन क्षणभर टेकतो आणि गाडी लागते, म्हणून ड्रायव्हर लोक सीटखाली पाना ठेवतात. जुन्या सेल्फला ते चालून जायचं. आताच्या पुष्कळ छोट्या सेल्फमध्ये कॉइलच्या जागी चुंबकं बसवलेली असतात, जोरात ठोकलं की ती तडकतात आणि मग आधी दोनशेचं असलेलं काम हजारांत जातं.

जेवताना पोरानं विचारलं, सेल्फ नव्हता तेव्हा काय करायचे? हँडल मारायचे. अँबेसिडरलासुद्धा हँडल असायचं, मी मारलंय. अंगठा मुठीत गुंडाळायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट जायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं बनवलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि लोकांचे हात वाचले. बॅटरी मात्र त्याहून जुनी. शिसं आणि आम्ल ही जोडी १८५९ मध्ये प्लांते या फ्रेंच माणसानं जमवली, आणि आज संगणकानं भरलेल्या गाडीच्या बॉनेटखालीही तीच बसलेली आहे. पोराला केटरिंगपेक्षा अंगठ्याची गोष्ट जास्त आवडली.

दुपारी ३:१५

गंगापूर रोडला एका बंगल्यावर. मुलं परदेशात, घरी दोघंच. गाडी पंधरा दिवसांतून एकदा देवळापर्यंत जाते आणि दर वेळी बॅटरी झोपलेली. हल्ली या घरांतून असे फोन बरेच येतात.

इथं आवाजाकडे बघायचं कारण नव्हतं, गाडी उभी असताना वीज कोण खातंय ते बघायचं. मायनसची वायर सोडवून मध्ये मीटर जोडला, दरवाजाचं लॅच पेचकसानं बंद केलं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं, आणि आजोबांनी दिलेला चहा घेत बसलो. नव्या गाड्यांतले कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत, अर्धा तास द्यावा लागतो. सगळं झोपल्यावर पन्नास मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. इथं ४२० वर अडकलं. एकेक फ्यूज काढत गेलो. एक काढला आणि आकडा तीसवर आला. नातवानं सुट्टीत येऊन बसवून दिलेला डॅशकॅम, चोवीस तास चालू.

४२० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. बॅटरी पस्तीसची. चौथ्या दिवशी खेळ खलास. डॅशकॅमचं कनेक्शन चावीवर चालणाऱ्या फ्यूजवर घेतलं. आजोबा हळूच म्हणाले, "त्याला सांगू नका हं, हौसेनं लावलाय त्यानं."

संध्याकाळी ५:३०

सेडानचे साहेब आले. बिल बघून थांबले: केबल, दोन लग, दोन तासांची मजुरी. मग हिशेब करून म्हणाले, "म्हणजे बॅटरीचे आणि सेल्फचे पैसे पाण्यातच."

सेल्फचे गेले. बॅटरीचे वाचतील बहुधा, पूर्ण चार्ज झालीय. पण हे ऐकायला माणूस तयार नसतो. आठ हजारांचं काम करून गाडी सुरू झाली असती तर समाधान वाटलं असतं, वीतभर वायरनं सुरू झाली की चीड येते. त्यांनी पैसे दिले. जाताना जुनी पट्टी मागून घेतली, क्लचवाल्याला दाखवणार म्हणाले. ती त्यांचीच होती, दिली.

संध्याकाळी ७:३०

पिकअप आली. दिवसभर फिरून बॅटरी भरलेली असायला हवी होती, तरी खुंटांवर १२.२. लोड टेस्टर लावला, आकडा आठच्या खाली कोसळला. झाकणं उघडून हायड्रोमीटर घातला. पाच घरांत १.२२ आणि एका घरात १.१२. एक घर मेलेलं, बाकी पाच त्याला ओढतायत. टर्मिनल स्वच्छ, अर्थिंग ०.१, चार्जिंग १४.१. आज दिवसभरात पहिल्यांदा बॅटरीचाच दोष निघाला.

"थंडीनं गेली का भाऊ?"

गेली उन्हानं. चार उन्हाळे बॉनेटच्या भट्टीत काढले, आतल्या पट्ट्या तेव्हाच झिजल्या. थंडीत फक्त उघड झालं: ऑइल घट्ट होतं, इंजिनला फिरवायला जास्त जोर लागतो, आणि नेमकी त्याच वेळी आम्लाची क्रिया मंदावून बॅटरीचा जोर कमी होतो. मे महिन्यात हीच बॅटरी अजून थोडे दिवस निभावून गेली असती.

नवी टाकली. सेल्फ फिरताना १०.६. जुनीच्या किमतीवर घासाघीस झाली. घरी ठेवतो म्हणाले, कुंपणाच्या झटका मशीनला होईल. म्हटलं एक घर मेलंय, तिथंही टिकणार नाही, आणि आत शिसं आणि आम्ल आहे, गोठ्याजवळ नको. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करून वितळवायला पाठवायची जबाबदारी कंपनीची, आणि माझ्याकडून विक्रेता ती वजनावर नेतो. शेवटी शंभर रुपये जास्त धरून ठेवून घेतली.

गाडीत बसता बसता मी विचारलं, "सकाळी ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी लावल्या, तिचं झाकण परत बसवलं का? टर्मिनल हलली असतील, ती आवळली?"

त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलानं त्यांच्याकडे.

"घरी गेल्यावर आधी ते बघा," म्हटलं. "नाहीतर उद्या सकाळी ट्रॅक्टरसाठी फोन कराल."